तो लॅपटॉप अजून चालू आहे

पटो न पटो, पण हे खरं घडलंय. माझ्या मामेबहिणीच्या घरी, गेल्या हिवाळ्यात, एका रविवारी संध्याकाळी.

ताई घरांची चित्रं करते. म्हणजे इमारत बांधण्याआधी ती कशी दिसेल, ते लॅपटॉपवर दाखवते. मामा शेजारच्या खोलीत अंथरुणाला खिळलेले. त्यांच्या श्वासाची घरघर दिवसभर ऐकू यायची. ती ऐकू येतेय तोवर ताई निर्धास्त.

त्या दिवशी काम द्यायचं होतं आणि लॅपटॉप नेमका अडून बसला. दुरुस्तीवाल्याने फोनवर बजावलं, ओव्हरक्लॉकिंगच्या, म्हणजे प्रोसेसर मर्यादेबाहेर पळवण्याच्या फंदात पडू नका, मशीन जळेल. आहे तोच वेग पुरता काढा. ताईने चार्जर लावला. पॉवरची सेटिंग सगळ्यात वर नेली. जाळीतली धूळ काढली, हवा खेळावी म्हणून खाली दोन पुस्तकं सरकवली. मागे चालू असलेले प्रोग्राम एकेक करून बंद केले.

तरी वेग अर्धाच.

अर्धा प्रोसेसर एकच प्रोग्राम खात होता. त्याला नाव नव्हतं...

ताईने तोही बंद केला.

चित्र सरसर पुढे सरकलं. आला एकदाचा वठणीवर, असं ती पुटपुटली.

मग तिच्या लक्षात आलं... घर फार शांत होतं.

घरघर थांबली होती.

ती धावली. मामांचे डोळे उघडे, छाती स्थिर. तिने हलवलं, हाका मारल्या. काही नाही.

तेवढ्यात पलीकडे लॅपटॉपचा पंखा पुन्हा जड आवाजात फिरू लागला...

आणि मामांनी श्वास घेतला.

तिने जाऊन पाहिलं. बिननावाचा प्रोग्राम आपोआप सुरू झाला होता.

योगायोग असेल, मीही तेच म्हणालो. पण ताईने तो लॅपटॉप तेव्हापासून बंद केलेला नाही. काम दुसऱ्या मशीनवर करते. वीज गेली की तिचा जीव टांगणीला लागतो.

आता पंखा खरखरतोय. दुरुस्तीवाला म्हणतो, बदलायचा तर मशीन बंद करावंच लागेल. नाही बदलला, तर आतून जळेल.

काल मामांनी तिला जवळ बोलावलं. लॅपटॉपबद्दल त्यांना कुणी एका शब्दाने सांगितलेलं नाही. छातीवर हात ठेवून ते म्हणाले, "बंद कर गं आता. आत फार तापतंय."

ताईने मला फोन केला. काय करू, म्हणाली.

तिच्या मागून खरखर ऐकू येत होती... ती पंख्याची होती की मामांची, हे विचारायचीही माझी हिंमत झाली नाही.