लाल चिंधीचा रेडिओ

धाड्! मधुकर मिस्त्रीने रेडिओ टेबलावर असा आदळला, की समोरचा साडीवाला गिऱ्हाईक सोडून डोकावला.

"घ्या, काका! नवी बॅटरी टाकली, गाडी एकदम फर्स्टक्लास, अन् तुमचा रेडिओ लावताच धूर! चंपतराव भडकले ना! म्हणतात, गिरिधर म्हातारा झाला."

गिरिधर म्हणजे नूपुरचे आजोबा. गांधीबागेच्या कापडबाजारात, साड्यांच्या दोन दुकानांनी चिमटीत धरल्यासारखं त्यांचं इवलंसं दुकान होतं. जुन्या मोटारींचे मुके झालेले रेडिओ तिथे बोलते होत. एकदा तर आजोबांनी नुसते डोळे वटारले, तर एक रेडिओ घाबरून आपण होऊन बातम्या सांगू लागला, असं नूपुरचा आतेभाऊ आर्यन शपथेवर सांगे. अर्थात, आर्यन शपथा फार घेई!

दिवाळीच्या सुट्टीसाठी तो नरखेडहून आला होता. तो, नूपुर आणि गल्लीतला संघपाल असे तिघे सकाळपासून स्क्रू निवडत बसले होते. आता तिघांचे हात थांबले.

आजोबांनी जळका रेडिओ हुंगला. मग स्टुलावर चढून त्यांनी वरच्या फळीवरून कापडात गुंडाळलेला दुसरा रेडिओ काढला. आजोबांच्या वडिलांच्या मोटारीतला रेडिओ! मोटार कधीच विकली होती. रेडिओ आजोबांनी कुणाला हातसुद्धा लावू दिला नव्हता.

"हा बसव," ते म्हणाले. "चंपतरावांची गाडी जुन्या मोटारींच्या रॅलीत मुकी नको. दहाला सुटतात ना गाड्या?"

"हो. सव्वानऊ तर झाले!"

आजोबांनी साडीच्या कातरणातली एक लाल चिंधी रेडिओच्या वायरीला बांधली.

मिस्त्री खिदळला. "यालेबी लाल चिंधी? काका, रेडिओले नजर लागते का गा?"

एरवी आजोबांनी त्याला तासभर समजावलं असतं. आज त्यांनी नुसता रेडिओ त्याच्या हातात ठेवला. मिस्त्री रेडिओ घेऊन फटफटीवरून निघून गेला, तेव्हा ते हळूच म्हणाले, "डोळे दगा देऊन राहिले, नूपुर. आजपासून दुकान बंद. कुलूप लाव आन् किल्ली घरी आण."

आणि चपला घालून, मोबाइल ड्रॉवरमध्येच विसरून ते चालू लागले.

"आजोबांचं दुकान बंद? काहून?" आर्यन ओरडला. "तीन दिवस दुकानात वाजला ना हा रेडिओ! मी सोता ऐकला!"

"शपथ घेऊ नको," नूपुर म्हणाली. "मीपण ऐकलाय."

तिने जळका रेडिओ पुढे ओढला. वायरीतली फ्यूजची नळी उघडली. आजोबा तिथे काचेचा छोटा फ्यूज घालत. काही उलटसुलट झालं तर आधी फ्यूज वितळावा आणि रेडिओ वाचावा म्हणून. पण नळीतून जे घरंगळलं, ते पाहून संघपालचे डोळे विस्फारले.

"अबे, ही तर चॉकलेटची चांदी!"

"फ्यूज उडाला, तर मिस्त्रीने चांदी गुंडाळून घातली," नूपुर म्हणाली. "ती काही वितळली नाही. मग रेडिओच जळला! पण मुळात फ्यूज उडाला का?"

तिची बोटं वायरीवरून फिरली आणि थबकली. "याची लाल चिंधी कुठाय?"

वायरीला फक्त दोन लाल धागे चिकटले होते.

"चिंधीनं काय होते वं?" आर्यनने विचारलं.

"अरे, ती खूण आहे! हल्लीच्या गाड्यांत बॅटरीची ऋण बाजू गाडीच्या बॉडीला जोडतात. चंपतरावांच्या साठेक वर्षांच्या गाडीत उलटं. धन बाजू बॉडीला! अशा गाडीच्या रेडिओला आजोबा लाल चिंधी बांधतात. जुन्या सगळ्या मिस्त्र्यांना ठाऊक आहे."

"अन् मिस्त्रीले वाटलं, नजरेची चिंधी!" संघपाल म्हणाला. "फेकली असंल. अन् नवी बॅटरी टाकली सवयीनं..."

"उलटी!"

त्याच गाडीत, त्याच उलट्या बॅटरीला मिस्त्री आता आजोबांचा रेडिओ जोडणार होता!

नूपुरने आजोबांच्या मोबाइलवरून मिस्त्रीला फोन लावला. नुसतीच रिंग. चंपतरावांना लावला. तीच गत! घड्याळात नऊ पंचवीस.

"सायकली काढा!"

दुकानाला कुलूप, किल्ली खिशात. दोन सायकली, तीन स्वार. गांधीबागेतून सकाळी सायकल काढणं म्हणजे कपड्यांनी ठासलेल्या कपाटातून मांजर काढण्यासारखं. गठ्ठेवाले, हातगाड्या, ई-रिक्षा! आर्यनने एका साडीच्या गठ्ठ्याला असं घासून वळण घेतलं, की सहावार साडी नववार झाली असती. कॉटन मार्केटजवळ संत्र्यांचा टेम्पो आडवा. तिघांनी सायकली चक्क उचलून पलीकडे नेल्या. लोहापुलाखाली आर्यनच्या सायकलची चेन उतरली.

"तुम्ही जा वं! मी येतोच!" तो ओरडला.

नूपुर थांबली नाही. थांबली असती, तर रडली असती.

रामदासपेठेतल्या बंगल्याच्या अंगणात काळी लांबलचक मोटार झेंडूच्या माळा घालून उभी होती. शेजारी केशरी फेटा बांधलेले चंपतराव. मिस्त्रीचा जेवणाचा डबा बॉनेटवर होता आणि डब्याचं झाकण बांधलं होतं एका लाल चिंधीने! मिस्त्री आत वाकून शेवटचा स्क्रू आवळत होता.

"बटण दाबू नका!" नूपुर किंचाळली.

"हिले कोणं आत सोडलं?" मिस्त्री वैतागला.

"काका, बॅटरी उलटी जोडली आहे! रेडिओ जळेल!"

चंपतरावांनी घड्याळ पाहिलं. दहाला बारा कमी. "पोरी, आजोबांची बाजू घेतेस, चांगली गोष्ट आहे. पण वीस वर्षं गाड्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला तू शिकवणार?"

मिस्त्रीचं बोट रेडिओच्या बटणाकडे निघालं. बॅटरीवर हे लोक तिचं ऐकणार नव्हते. तिची नजर स्टिअरिंगसमोरच्या, बॅटरी भरतेय की खर्च होतेय ते दाखवणाऱ्या गोल तबकडीवर गेली.

"बरं, दाबा बटण," ती म्हणाली. "पण आधी इंजिन बंद ठेवून नुसते पुढचे दिवे लावून दाखवा. मिस्त्रीकाका घाबरत नसतील तर!"

"दिवे लावायले भेतील ते," मागून संघपालने काडी टाकली.

"मी? मी भेऊन राहिलो?" मिस्त्रीने खाट्कन दिव्यांची कळ ओढली. दिवे लख्ख पेटले. "झालं समाधान?"

"दिवे बॅटरीतली वीज खातात की भरतात?"

"खातात! शेंबड्या पोरालेबी मालूम हाय."

"मग काटा बघा."

सगळे वाकले. वीज खर्च होताना उणेकडे पडायला हवा तो काटा अधिकच्या बाजूला ताठ उभा होता.

मग चंपतराव गरजले, "म्हणजे माझे दिवे बॅटरी भरून राहिले? मधुकर, मौद्याचं वीजकेंद्र बंद करून माझी गाडीच उभी कर ना गा तिथं!"

मिस्त्रीचं तोंड गरम भजं गिळल्यासारखं झालं. मुकाट्याने त्याने बॅटरीच्या तारा सोडवल्या आणि अदलाबदल करून जोडल्या. पुन्हा दिवे लावले. काटा उणेकडे आडवा झाला! या रेडिओच्या फ्यूजच्या नळीतही मिस्त्रीने आधीच चांदी कोंबली होती. ती नूपुरने स्वतः काढली. तोवर धापा टाकत पोचलेल्या आर्यनने मिस्त्रीच्या पेटीतून काचेचा फ्यूज शोधून दिला.

"आता दाब बटण," चंपतराव नूपुरला म्हणाले.

"मी नाही. आजोबा दाबतील. डोळे दगा देतात म्हणून त्यांनी आज दुकान बंद केलंय."

दहाला चार कमी होते. चंपतरावांनी फेट्यावरून हात फिरवला. "रॅली गेली उडत! बसा सगळे!"

आजोबा घराच्या पायरीवर बसले होते. माळा घातलेली मोटार दारात थांबली, तरी उठले नाहीत. नूपुरने त्यांच्या हातावर चॉकलेटची चांदी ठेवली, मिस्त्रीने डब्याची लाल चिंधी. आजोबांनी दोन्ही पाहिलं आणि सगळं ओळखलं.

"काका, चूक माझी," मिस्त्री खाली बघत म्हणाला. "डोळे तुमचे नाही, माझे फुटले होते."

"अन् तुम्हाला म्हातारा म्हणालो, ते माझे शब्द मागे," चंपतराव म्हणाले. "गिरिधरराव, हिला कुठल्या शाळेत घातलंय हो?"

"माझ्या टेबलाखाली," आजोबा म्हणाले. आणि ते पायरीवरून उठले.

मोटारीत वाकून त्यांनी रेडिओचं बटण दाबलं. आधी खरखर. मग स्वच्छ, भरदार आवाजात नागपूर आकाशवाणीची सनई! शेजारच्या गच्चीवर पापड वाळवणाऱ्या वच्छलाकाकूंनी टाळ्याच वाजवल्या.

"थोडी चूक माझीबी आहे," आजोबा मिस्त्रीला म्हणाले. "पन्नास वर्षं समजत होतो, चिंधीले बोलता येते. नूपुर, किल्ली दे पाहू. तो जळका रेडिओ वाट पाहत असेल."

संध्याकाळी दुकानात नूपुर मार्कर घेऊन बसली आणि एकेका लाल चिंधीवर ठळक अक्षरांत लिहीत गेली:

'बॅटरीची धन बाजू बॉडीला. नजरेसाठी नाही. डब्यासाठी तर मुळीच नाही!'