पवळी पत्र्यापासून हलेना

"सलिल, गाईच्या मागून नको जाऊस, लाथ बसेल!" मृदुलाने त्याचा शर्ट धरून ओढला.

दिवाळीच्या सुट्टीत मृदुला, सलिल आणि रिझवान या तिघांनी एक काम अंगावर घेतलं होतं. भिमाआजींचा पाय मुरगळला होता आणि त्यांच्या गाई माण गावातल्या रिकाम्या प्लॉटांवर मोकळ्याच चरत फिरत. रोज सकाळी सायकलवरून जायचं, गाई शोधायच्या; नाक ओलं आहे का, रवंथ चालू आहे का, कोणी लंगडतंय का ते बघायचं आणि आजींना येऊन सांगायचं.

काल संध्याकाळी त्यांतली गाभण पवळी घरी आली नव्हती. आता ती सापडली होती, पण पायाशी हिरवंगार गवत असून तोंड लावत नव्हती. एका प्लॉटभोवती आज पहाटेच उभे केलेले निळे पत्रे ती कपाळाने ढकलत होती.

"येडी झालीय ती," गेटवरचे वॉचमन आबाजी वैतागून म्हणाले. "सारखी हंबरतीय. न्या हाकलून."

मृदुलाने लांबूनच वाकून पाहिलं. पवळीची कास तटतटली होती आणि कालपर्यंत ढोलासारखं असलेलं पोट उतरलं होतं.

"अरे, ही व्यालीय!"

"मग वासरू कुठंय?" सलिलने विचारलं.

आजींनी सांगितलेलं मृदुलाला आठवलं. रानात व्यालेली गाय वासराला उंच गवतात दडवून पाण्यावर जाते. आईची हाक येईपर्यंत वासरू हूं की चूं करत नाही. म्हणजे पवळी पाण्यावर गेली आणि मागे पत्रे ठोकले गेले!

आत जेसीबी गवत खरवडत पुढे सरकत होता. मुलांनी आबाजींना परोपरीने विनवलं. मी आत बघितलंय, वासरूबिसरू नाही, असं ते म्हणाले. पण कुठून, तर गेटमधून. प्लॉटच्या साहेबांच्या फोनशिवाय गेट उघडणार नव्हतं आणि मशीनही थांबणार नव्हतं.

पवळी पुन्हा हंबरली. तिची हाक इंजिनाच्या धडधडाटात बुडून गेली.

"आवाज वासरापर्यंत पोचतच नाहीये," रिझवान म्हणाला. त्याने फटीतून मशीनकडे निरखून पाहिलं आणि एकदम गेटवर चढला. दोन्ही हात हलवत तो ओरडला, "दादा, ऑइल गळतंय! पाइप फुटेल!"

ते खोटं नव्हतं. वडिलांच्या गॅरेजमध्ये वाढलेल्या रिझवानला खाली पडणारे थेंब बरोबर दिसले होते. ड्रायव्हर रोहिदासने घाईघाईने इंजिन बंद केलं आणि खाली उडी मारली.

सगळं शांत झालं. मृदुलाने पवळीच्या मानेवर हात ठेवला.

"आता मार हाक, पवळे."

पवळी हंबरली. जेसीबीच्या अगदी पुढ्यातल्या गवतातून बारीक आवाज आला. "म्हां..."

रोहिदासने मशीनची चावी काढून खिशात टाकली. आबाजींनी कोणालाही न विचारता गेट उघडलं, आणि त्यांना बाजूला सारत पवळी आत धावली.

थोड्या वेळाने मुलांचा निरोप मिळून रिक्षातून भिमाआजी आल्या. पाठोपाठ साहेबही आले आणि काम का थांबलं म्हणून आवाज चढवू लागले. रोहिदासने त्यांना गवतात उठलेली चाकांची खूण दाखवली. तिच्यापुढे हातभर अंतरावर पवळी वासराला चाटत होती. यापुढे आधी सगळा प्लॉट पायी फिरायचा आणि मगच पत्रे ठोकायचे, असं साहेबांनी तिथेच आबाजींना बजावलं.

"काका, येडं कोण होतं?" सलिलने हळूच विचारलं.

"मीच की रे, बाबा," आबाजींनी कान पकडले.

भिमाआजींनी तिघांच्या पाठीवरून हात फिरवला. "म्या तुमास्नी नुसतं बघाया सांगितलं व्हतं," त्या म्हणाल्या. "तुमी तर तिचं ऐकलं बी."