उबेवर वाजणारा बझर

विज्ञान प्रदर्शनासाठी मी आणि इकराने वाघाची सूचना देणारं यंत्र करायला घेतलं, तेव्हा वर्गात कुजबुज झाली. माझे बाबा उन्हाळ्यात मोहफुलं वेचायला गेले ते परतलेच नाहीत. शोधणाऱ्यांना एक चप्पल सापडली. एका चपलेवर कुणी माणसाला मेलेला धरत नाही.

त्यामुळे माझी माय, मनकर्णा, रोज दिवेलागणीला त्यांना पाय धुवायला दारात पाण्याची बादली भरून ठेवायची. मला संताप यायचा. बाबा गेले हे तिने एकदा मान्य करावं आणि माझ्याकडे बघावं, एवढंच मला हवं होतं.

पहिल्या सर्किटमध्ये आम्ही माईक लावला. ते फसलं. आमच्याकडे पुरुष माणूस खाकरल्याशिवाय कुणाच्या अंगणात पाऊल टाकत नाही. शेजारचे गुणवंतराव खाकरले तरी बझर बोंबलायचा. मग इकराच्या अब्बांनी दुकानातून दुसरा सेन्सर दिला. तो आवाज ऐकत नाही, समोरून अंगाची ऊब सरकली तरच वाजतो. दाराच्या चौकटीला, अंगणाकडे तोंड करून आम्ही तो बांधला. शेळी, कोंबडी, इकरा, माय, सगळ्यांना वाजला. वाऱ्याने उडालेल्या पिशवीला नाही. इकराने आनंदाने मला चिमटाच काढला.

त्याच दिवशी, अंधारून येत असताना, अंगणात कुणीतरी खाकरलं. मग थोडं थांबून पुन्हा, बाबांसारखं.

बझर गप्प होता.

मायने पदर सावरला. "तुये बाबा आले व, मयुरी."

"माय, थांब. यंत्र वाजलं नाई ना!"

"तुया यंत्राले आपली मानसं कुठी समजतात?"

ती बाहेर गेली. तिच्या हालचालीने बझर वाजू लागला. बादली कलंडली, कुणीतरी पायावर पाय घासले. माय हळू आवाजात बोलत होती. इकराने माझा दंड घट्ट धरला. मी दाराकडे वळले, पण तिने सोडलं नाही.

मग बझर थांबला.

पाण्याचा आवाज चालूच होता.

थोड्या वेळाने माय आत आली. सेन्सरसमोरून सावकाश चालत आली, तरी बझर वाजला नाही. ती कित्येक महिन्यांनी माझ्याकडे बघून हसली.

"जेवाले वाढ. बाबाले भूक लागली."

यंत्र बिघडलं असेल म्हणून मी सेन्सरपुढे हात हलवला.

लगेच वाजलं.