दोन मुठींतला पाचू

तो दुकानात शिरला तेव्हा त्याच्या दोन्ही मुठी घट्ट मिटलेल्या होत्या. त्यानं दार खांद्यानं ढकललं, पायपुसण्याला अडखळला आणि थेट माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला.

"खरं-खोटं तुम्हीच बघता ना?"

मीच बघते. मामाच्या सराफी दुकानात खिडकीलगतचं टेबल माझं. भिंग, चिमटा, कसोटीचा दगड आणि संशयी स्वभाव, एवढंच माझं भांडवल. मामा मला 'दुर्बीण' म्हणतो. आई म्हणते, या स्वभावानं तुझं लग्न जमायचं नाही.

त्यानं मुठी उघडल्या. दोन तळहातांवर दोन अंगठ्या. चौकोनी हिरवा खडा, कडेला बारीक नक्षी... हुबेहूब एकसारख्या.

"यातली एक माझ्या आईची," तो म्हणाला. "दुसरी मी केलेली. पण कुठली कुठली, ते कळेनासं झालंय."

"स्वतः केलेली तुम्हालाच ओळखू येत नाही?"

"नाटकांसाठी खोटे दागिने करतो मी. ही जरा... जास्तच चांगली झाली."

मला हसू येत होतं, पण त्याच्या कपाळावरचा घाम पाहून मी ते गिळलं. त्याची आई जाऊन चार वर्षं झाली होती. अंगठी वहिनीकडे असायची. नाटकातल्या राणीसाठी तशीच हवी म्हणून यानं वहिनीच्या विनवण्या करून ती नमुन्याला आणली, नक्कल केली आणि आनंदाच्या भरात दोन्ही एकाच डबीत टाकल्या. ती डबी दोन दिवस रंगमंचामागे पडून होती. आज वहिनीला अंगठी परत द्यायची होती.

"चुकीची दिली तरी वहिनीला कळणार नाही हो," तो म्हणाला. "पण मग आईची अंगठी नाटकाच्या पेटाऱ्यात धूळ खात पडणार... ते मला नाही सहन व्हायचं."

मी वही पुढे केली. त्यानं डाव्या हातानं 'अंगठ्या, दोन' असं लिहिलं आणि ओल्या शाईवरूनच हात नेला. "डावखुऱ्यांचं हे असंच," तो ओशाळून म्हणाला. त्याची करंगळी निळी झाली होती. का कोण जाणे, मला ती आवडली.

"घरी काही करून पाहिलंत?"

"खरा खडा ओठाला गार लागतो, काच लगेच कोमट होते म्हणतात. सकाळपासून दोन्ही खडे ओठांना लावतोय."

"मग?"

"ओठ बधिर झाले. बाकी काही कळलं नाही."

माझी नजर उगाचच त्याच्या ओठांकडे गेली. मी ती घाईघाईनं भिंगात घातली.

पहिल्या खड्यात बारीक, गोल बुडबुडे. म्हणजे काच. खऱ्या पाचूच्या पोटात शेवाळासारखे धागे असतात, भेगा असतात. "ही तुम्ही केलेली," मी म्हणाले. त्यानं एवढा मोठा निःश्वास टाकला की माझ्या टेबलावरचे कागद हलले.

मग मी दुसरी उचलली.

बुडबुडे!

मी खडा पुसला, फिरवला, खिडकीच्या उजेडात धरला. बुडबुडे काही हलेनात. अंगठी कसोटीवर जोरात घासली, रेघेवर तेजाबाचा थेंब टाकला. रेघ फसफसून नाहीशी झाली. सोन्याची रेघ अशी जात नाही.

"काय झालं?" तो म्हणाला.

आजवर कितीतरी जणांना मी तोंडावर 'खोटं आहे' म्हणून सांगितलंय. जीभ अडखळली ती त्याच दिवशी.

"दोन्ही... काचेच्या आहेत."

तो मटकन खुर्चीत बसला. "म्हणजे कुणीतरी बदलली. माझ्या हलगर्जीपणामुळे आईची..." मामानं पाण्याचा पेला त्याच्यापुढे सरकवला.

त्याला तसं बसलेलं मला पाहवेना. मी पुन्हा भिंग उचललं. खडा धरून ठेवणाऱ्या चार बारीक नख्या असतात. या अंगठीच्या चारही नख्या डावीकडून दाबलेल्या होत्या. पहिलीच्याही तशाच. उजव्या हाताचा कारागीर नेमका उलटा दाबतो. मी त्या निळ्या करंगळीकडे पाहिलं.

"नक्कल केलीत तेव्हा वजन सारखं भरलं होतं का हो दोन्हींचं?"

"अगदी! गुंजभर फरक नाही. मी तर स्वतःवरच खूश झालो होतो."

"अहो, पितळ कधी सोन्याच्या भारोभार उतरतं? दोन्ही तुमच्याच हातच्या आहेत!"

"शक्यच नाही. मी एकच केली."

"आत्ता एक. पण याआधी?"

"शिकत होतो तेव्हा एक... आईची अंगठी समोर ठेवून... ती वहिनीनं कौतुकानं ठेवून घेतली होती..."

"वहिनींना फोन लावा."

वहिनीचा आवाज असा खणखणीत, की फोन त्याच्या कानाला असूनही अख्ख्या दुकानाला ऐकू येत होता. "खरी अंगठी तुला देते होय मी? तुला घरात स्वतःचा चष्मा सापडत नाही! तुझीच जुनी नक्कल दिली. खरी आहे माझ्या कपाटात. सासूबाई सांगून गेल्यात, ही धाकट्याच्या बायकोची. ती आल्याशिवाय बाहेर निघायची नाही. ऐकतोयस ना?"

तो ऐकत होता. मीही ऐकत होते. मामा तर कान टवकारून ऐकत होता.

त्यानं फोन ठेवला आणि हसता हसता डोळे पुसले. माझ्याच छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटलं मला. त्याचं हसू पाहत किती वेळ बसले, कोण जाणे.

पुढच्या आठवड्यात तो शर्टाची गुंडी घेऊन आला. "हा मोती आहे का?"

"प्लास्टिक आहे."

"नीट बघा... मला घाई नाही."

मग गोटी आली, मग अत्तराच्या बाटलीचं बूच. "आता हा विटेचा तुकडा आणील," मामा म्हणाला. तीन महिन्यांत आम्ही 'अहो-जाहो'वरून 'अरे-तुरे'वर आलो, पण गाडी गुंडीच्या पुढे सरकेना.

आणि एका दुपारी त्याच्याऐवजी एक बाई आल्या. आवाजावरूनच ओळखलं मी त्यांना. वहिनींनी रुमालाची गाठ सोडली आणि अंगठी टेबलावर ठेवली. मी सवयीनं भिंग लावलं. शेवाळासारखे धागे, बारीक भेगा, नख्या उजव्या हातानं दाबलेल्या.

"अस्सल आहे. तुम्हाला काही शंका आली होती का?"

"शंका कसली गं? बोटात बसते का, तेवढं बघ."

माझे कान तापले. खिडकीबाहेर, समोरच्या फुटपाथवर तो एका पाटीकडे टक लावून उभा होता. पाटीवर दोनच शब्द होते.

"हे... त्यानं विचारायला हवं," मी म्हणाले.

"तो गुंड्याच विचारत बसलाय. मी म्हातारी होईन तोवर!"

मी खिडकीच्या काचेवर टकटक केलं. तो आला, पायपुसण्याला अडखळला, माझ्यासमोर उभा राहिला.

"विचार," मी म्हणाले.

"तू... म्हणजे मला... आवडतेस तू. 'दोन्ही काचेच्या आहेत' म्हणताना तुझाही आवाज कापला होता ना, तेव्हापासून. पण भीती वाटायची. तू मलाही भिंगाखाली धरशील आणि काहीतरी निघेल..."

"धरलंय की केव्हाच."

"मग?"

"बुडबुडे नाहीत. भेगा आहेत थोड्या."

त्याचा चेहरा उतरला. "मग?"

"वेडा आहेस का? खऱ्यातच असतात त्या!"

त्यानं टाकलेल्या निःश्वासानं माझे कागद पुन्हा उडाले. त्यानं डाव्या हातानं अंगठी माझ्या बोटात सरकवली. जराशी सैल झाली.

"ठेवून जा इथंच," मामा म्हणाला. "उद्यापर्यंत लहान करून देतो."

"नको," मी म्हणाले आणि मूठ घट्ट मिटून घेतली.