सात नंबरची चकती

ड्रमकेल्डी स्टेशनच्या सिग्नल केबिनवरचा हेक्टर गिलख्रिस्ट त्या दुपारी तिसऱ्यांदा खाली उतरला, वेटिंग रूमच्या शेकोटीत कोळसे टाकायला. चारच्या पॅसेंजरनं त्याची लेक एल्स्पेथ येणार होती, तान्ह्या बाळाला घेऊन. तिच्या लग्नावरून दोन वर्षं बापलेकीत अबोला होता. "पुन्हा तोंड दाखवू नकोस," असं तो बोलून बसला आणि तेव्हापासून मनातल्या मनात कुढत होता. शेवटी त्यानं बायकोच्या हातची करडी शाल बाळासाठी पोस्टानं धाडली. बायको बिचारी नातवंड न बघताच गेली होती. उत्तर आलं, 'येते.'

समुद्राकडून धुकं चढलं होतं. फलाटाच्या टोकाचा, जुन्या अपघातातल्या मृतांच्या आठवणीचा दगडसुद्धा दिसेनासा झाला.

"चौदा सालासारखंच आहे रे," कोळशाची बादली ठेवत म्हातारा हमाल वॉटी पुटपुटला.

चौदा साली स्टेशनापुढच्याच नदीच्या पुलावर दोन गाड्या समोरासमोर भिडल्या. दगडावर अकरा नावं होती. क्रेगव्हॉनपर्यंत नऊ मैल एकच रूळ, म्हणून इथे पितळेच्या चकतीशिवाय गाडी हलत नाही. समोरच्या गाडीनं आणलेली चकती केबिनमधल्या यंत्रात टाकली, तरच यंत्र दुसरी सोडतं. आणि टाकण्याआधी तिच्यावरचा नंबर मोठ्यानं वाचायचा, हा नियम. चौदा साली कुणी वाचला नव्हता. सात नंबरची चकती तेव्हा नदीत गेली ती गेलीच. हेक्टर मात्र इतक्या खड्या आवाजात वाचायचा, की लोक त्याला पाद्रीबुवा म्हणायचे.

"ए पाद्रीबुवा!" उभ्या मालगाडीच्या इंजिनातून रॅब करी ओरडला. "प्रवचन कधी? घरी बायको माझ्या नावानं खडे फोडत असेल!"

"पॅसेंजर येऊ दे की. माझी पोर आहे तिच्यात."

"मग झालंच! गिलख्रिस्टांचं रक्त, रुसल्याशिवाय हलायचं नाही."

हेक्टर हसला. तेवढ्यात गाडी आली. कधी आली, कळलंच नाही. ना शिट्टी, ना रुळांची थरथर. ड्रायव्हरचा हात बाहेर आला आणि चकतीची चामडी पिशवी हेक्टरच्या हातात पडली. ती ओलीचिंब होती. गाडी पुढे सरकली, शेवटच्या डब्याचा लाल दिवाही, गाडी अख्खी आल्याची खूण, त्यानं नीट पाहिला, आणि मग...

"बाबा..."

एल्स्पेथ. छातीशी करड्या शालीतलं गाठोडं. केसांतून पाणी निथळत होतं.

"आलीस, बाळा?"

"आले... रागावला नाहीत ना आता?"

"अगं वेडे..."

"थंडी वाजते, बाबा. याला... शेकोटीजवळ ठेवू?"

"ठेव, ठेव! मी हा आलोच."

तो दोन-दोन पायऱ्या चढून वर धावला. चकती यंत्रात टाकली. क्रेगव्हॉनहून संमतीच्या घंटेचं उत्तर आलं, यंत्रानं दुसरी चकती सोडली, ती त्यानं रॅबला नेऊन दिली.

"आज प्रवचन नाही?"

"आज सुट्टी! पळ."

मालगाडी धुक्यात शिरली. हेक्टर केबिनमध्ये परतला, तोच फोन वाजला. क्रेगव्हॉनच्या केबिनमधला टॅम होता.

"हेक्टर, माफ कर रे. इंजिन रुसलं होतं, पाऊण तास गाडी इथंच अडकली. दहा मिनिटांपूर्वी सोडली. तुझ्या पोरीला मी स्वतः डब्यात बसवलंय. बाळ काय गोड आहे रे..."

"काय बोलतोस? ती इथे... टॅम, ती इथे आहे..."

लाल दिवा घेऊन हेक्टर ओरडत रुळावरून धावला. पुलाकडून आवाज आला तेव्हा तो जेमतेम दगडापर्यंत पोचला होता.

वेटिंग रूममध्ये एल्स्पेथ नव्हती. शेकोटीपुढे, करड्या शालीत, बाळ पडलं होतं. डोळे उघडे. रडत नव्हतं.

हेक्टरनं त्याला घरी नेलं. "मी मारलं तिला, मी वाचलं नाही," एवढंच तो बोलत राही. रेल्वेच्या साहेब लोकांनी यंत्र उघडलं, तर आत सात नंबरची चकती निघाली, नदीच्या शेवाळानं हिरवी. घंटेला मी हातही लावला नव्हता, असं टॅम शपथेवर सांगत होता. बाळाचं कोडं कुणाला सुटेना. हेक्टरला ते सोडवायचंही नव्हतं. तिचं एवढं तरी उरलं, म्हणून तो त्याला क्षणभर दूर करेना.

तिसऱ्या दिवशी वॉटी दारात आला. नदीत शोध घेणाऱ्यांबरोबर तो गेला होता. टोपी काढून उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"हेक्टर... एल्स्पेथ सापडली."

हेक्टरनं मान हलवली.

"एकटी नाही रे ती. कुशीत बाळ आहे तिच्या. तिच्याबरोबरच गेलेलं... पोरीचे हात सुटत नाहीत."

हेक्टर मागे वळला. शेकोटीपाशी पाळणा होता. त्यातली करडी शाल तीन दिवसांत वाळली नव्हती, थेंब-थेंब पाणी फरशीवर पडत होतं. पाळणा हळूहळू हलत होता.

हेक्टर पाळण्यापाशी जाऊन बसला.

"दार लाव, वॉटी," तो हलकेच म्हणाला. "थंडी वाजते त्याला."