वेग तीनशे

विषय : डोंगरावरच्या रुग्णालयाला मोडेमद्वारे पाठवलेल्या रक्ततपासणी अहवालाबाबत.

उपरोक्त विषयास अनुसरून सांगतो. ताईचं रक्त आमच्या प्रयोगशाळेत तपासलं होतं. अहवाल हाती आल्याशिवाय तिथले सर्जन चाकू उचलणार नव्हते, आणि थांबण्याइतकी ताकद ताईत उरली नव्हती.

संध्याकाळ झाली होती. कार्यालय वेळेआधीच रिकामं. या बाबतीत आमची शिस्त कडक. ९६०० च्या वेगावर फाईल अर्ध्यात तुटली. २४०० वर पलीकडून नुसतीच वेडीवाकडी चिन्हं आली. दुसऱ्या फोनवरून मोडेमवाल्याला गाठलं.

"तीनशेवर आणा, भाऊसाहेब. आणि फ्लो कंट्रोल चालू करा. पलीकडचा थांब म्हणाला की मशीन थांबेल, पुढे म्हणाला की पाठवेल."

"म्हणजे आमच्या साहेबांपेक्षा समजूतदार."

फाईल सरकू लागली. एक ओळ जायची आणि थांबायची. फार वेळ थांबायची. मोडेमच्या बारक्या स्पीकरमधून कुरकुर येत होती, कागदावर पेन्सिल चालावी तशी. मग कुणीतरी खोकलं.

"हं... पुढे."

आवाज मी ओळखला. मोडेम येण्याआधी आम्ही अहवाल फोनवर वाचून दाखवायचो. पलीकडे एक म्हातारे कारकून दर ओळीला 'थांब', 'हं, पुढे' म्हणत उतरवून घ्यायचे. त्यांच्या शोकसभेत मी भाषण केलं होतं. लांबलचक.

हात प्लगकडे गेला. पण ताई... हात मागे घेतला. शेवटची ओळ जाईपर्यंत बसून राहिलो. खोलीत ओल्या कागदाचा वास भरला होता.

दुसऱ्या दिवशी भावजींचा फोन आला. "ताई शुद्धीवर आली रे! तुमचा म्हातारा माणूस अहवाल अगदी वेळेवर हातात देऊन गेला."

"मशीनवर नाही आला?"

"कसलं मशीन? इथली लाइन काल दुपारपासून बंद आहे. आणि हो, तो तुझा घरचा नंबर मागत होता. दिला मी."

आता मी निवृत्त आहे. दिवेलागणीला घरचा फोन वाजतो. उचलला की, "हं... पुढे." हल्ली मी काही न सांगताही पलीकडे पेन्सिल चालू असते.

वायर मी स्वतः कापली आहे. जोडणी बंद करण्याबाबत रीतसर अर्जही दिला आहे. अर्ज प्रलंबित आहे.