दोन्ही पाय सारखे

अहवालात दोन्ही मांड्यांचा घेर बावन्न सेंटिमीटर लिहिला होता. समोरच्या बाकावर बसलेल्या बाईच्या विजारीचा डावा पाय मात्र दोरीवर वाळणाऱ्या कपड्यासारखा रिकामा लोंबत होता.

तपासणी अधिकारी बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. अपंगत्व भत्त्याच्या तक्रारी वाचून वाचून त्यांचे डोळे आताशा सकाळीच थकलेले असत. बालपणी सुकलेला पाय उतारवयात भरून येत नाही, हे कळायला वैद्यकी लागत नव्हती. तरी ठेक्यावर चालणाऱ्या ज्या तपासणी केंद्रात त्या आज आल्या होत्या, त्याचा शेरा होता : ‘उभ्याने काम करण्यास योग्य’. खाली डॉक्टरांची सही. आज पाचला अपिलाची मुदत संपली की भत्ता कायमचा बंद. आता तीन वाजले होते.

“तुम्हाला खरंच कोणी तपासलं?”

“तपासलं की.” बाईने वीस वर्षे स्टुलावर बसून लिफ्ट चालवली होती, लिफ्टला बटणे आली आणि स्टूल गेले. “टेपनं मोजलं. कपड्यावरूनच. हात मोठा हलका होता.”

“गुडघ्यावर ठोकून पाहिलं?”

“नाही.”

“काही बोलले?”

“म्हणाले, सदऱ्याची खांद्यावरची शिवण उतरलीय.”

“आणि वन्सं, तुम्ही ऐकून घेतलंत!” शेजारी बसलेली तिची भावजय उसळली. “मी असते तर त्याचीच शिवण उसवली असती.”

अधिकारी बाई हसल्या नाहीत. पण त्यांनी शिवणीची नोंद केली.

मग त्यांनी केंद्राच्या कपाटातून चाळीस फाइली काढल्या. कुणाचा पाय यंत्रात सापडलेला, कुणाला पक्षाघात. चाळीसही जणांच्या दोन्ही पायांची मापे तंतोतंत सारखी. घरी बसून खोटे रचणारा माणूस धास्तीने आकडे थोडे मागेपुढे करतो. हे आकडे निर्धास्त होते. त्यांच्यामागे एखादी जुनी, प्रामाणिक सवय असावी.

“डॉक्टर आहेत?” त्यांनी दारात उभ्या केंद्रचालकाला विचारले.

“आहेत ना, मॅडम. तीस वर्षांचा अनुभव. मापात त्यांचा हात कोणी धरणार नाही.” तो ऐटीत म्हणाला. त्याचा कोट अंगावर बेतून ओतल्यासारखा बसला होता.

पांढऱ्या डगल्यातला, पाठीत वाकलेला माणूस आत आला. गळ्यात टेप.

“या बाईंच्या मांड्यांची मापं घ्या. माझ्यासमोर.”

तो गुडघ्यांवर बसला. विजारीवरूनच उजव्या मांडीच्या सर्वांत जाड जागी टेप फिरला, अलगद सुटला. त्याने कागदावर लिहिले : उजवी बावन्न, डावी बावन्न. आणि उठला.

अधिकारी बाईंनी कागद उचलला.

“डावी कधी मोजलीत?”

त्याने टेपकडे पाहिले. मग बाईच्या डाव्या पायाकडे. बहुधा पहिल्यांदाच.

“डॉक्टर दोन्ही पाय मोजतो,” अधिकारी बाई सावकाश म्हणाल्या. “उघड्या कातडीवर, गुडघ्यापासून ठरावीक अंतरावर. दोन पायांतला फरक हाच तर आजार. एक पाय मोजून दुसरा गृहीत धरतो तो शिंपी. विजारीला तेवढं पुरतं. यांनी शिवण पाहिली, पाय पाहिला नाही. तुमचा हा कोटही यांनीच शिवला ना?”

केंद्रचालकाचा चेहरा उतरला.

“मेहुणा आहे माझा,” तो पुटपुटला. “दुकान बसलं होतं त्याचं. डॉक्टर महिन्याला एकदा येऊन कोऱ्या फॉर्मवर सह्या करतात. हा मापं घेतो, बाकीचे रकाने मी भरतो. मॅडम, वर कोणी कधी विचारलंच नाही, मोजतो कोण ते.”

“आज विचारलं. त्या डॉक्टरांनाही विचारू.”

शिंपी अजून बाईसमोरच उभा होता. “ताई,” तो म्हणाला, “माप चुकलं नव्हतं हो. जेवढं घेतलं तेवढं बरोबर होतं.”

“इतकी माणसं मोजलीस,” भावजय म्हणाली, “एकाचाही दुसरा पाय पाहिला नाहीस?”

त्याने गळ्यातला टेप काढून टेबलावर ठेवला.

पाचला दहा मिनिटे असताना अधिकारी बाईंनी आदेशावर सही केली : अहवाल रद्द, भत्ता पूर्ववत.

“पुन्हा तपासायला कोण येईल?” लिफ्टवाल्या बाईने दारातून विचारले.

“नाव पाठवीन. आणि पदवीची नक्कलही.”

नणंद-भावजय एकमेकींच्या आधाराने जिना उतरल्या. एक पाऊल जड, एक हलके. ते विषम ठेके ऐकू येईनासे झाल्यावर अधिकारी बाईंनी कपाट पुन्हा उघडले. आत आणखी तीनशे माणसे होती. सगळ्यांचे दोन्ही पाय सारखे.